विसावं पान

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ. सत्तावीस वर्षांची झाली, केकच्या दुकानात आयसिंग करायला लागून सहा वर्षं झाली, तरी ते नाव काही सुटलं नाही. केकवर गुलाब काढायचे, लोकांची नावं लिहायची आणि तासाभरात सुरीने त्यांचे तुकडे व्हायचे. तिला मात्र टिकणारं काहीतरी काढायचं होतं. तिला टॅटू काढायला शिकायचं होतं.

बाजारामागच्या गल्लीत टॅटूचं एक दुकान होतं. ते चालवणारी बाई पन्नाशीची, केस बारीक कापलेले, चष्मा कपाळावर सरकवलेला, बोलणं मोजून मापून. तिच्या हाताखाली शिकायला मिळावं म्हणून भिंगरीने साठ पानांची फाइल तयार केली. वाघ, कवट्या, पंख, मासे, काय वाट्टेल ते. बाईने ती चहा निवायच्या आत बघून संपवली.

"यातलं तुझं किती?"

"सगळं मीच काढलंय."

"हात तुझाच आहे, ते दिसतंय. सुचलेलं किती, ते विचारतेय."

अर्धी चित्रं फोनवर बघून काढलेली होती आणि उरलेल्या अर्ध्यांबद्दल तिचं तिलाच खात्रीने सांगता येईना. बाईने वाघाचं पान बाहेर काढलं आणि सरळ तिच्या दंडाभोवती गुंडाळलं. एक डोळा पुढे राहिला, जबडा काखेत गेला.

"अंग म्हणजे भिंत नाही," बाई म्हणाली. "वीस चित्रं आण, वीस खऱ्या माणसांसाठी. त्यांच्याशी बोल. त्यांच्या अंगावर पेनाने काढ, फोटो लाव. सुईला हात लावायचा नाही. तीन महिने घे."

"मी महिन्यात आणते."

"तीन म्हटलं मी."

त्या दिवसापासून भिंगरीच्या जिवाला स्वस्थता नाही. दिसेल त्याला ती विचारायची, तुमच्या हातावर काढू का? कोणी हसायचं, कोणी हात मागे घ्यायचं. पोस्टातल्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत मनगट पुढे केलं आणि म्हणाल्या, "फुलं नकोत हं. फुलांनी मला सर्दी होते." पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांना पोटरीवर बेडूक हवा होता, आणि तो का हवा हे सांगायला त्यांनी पाऊण तास घेतला. भिंगरीने त्यांचं बोलणं संपायच्या आतच पेन टेकवलं होतं. बेडूक झाला, पण कोणाच्याही पायावर चालला असता असा झाला. घरी येऊन तिने तो फोटो फाडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तलावावर जाऊन बसली. या वेळी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना हाताच्या मुठी आवळून धराव्या लागल्या, ते वेगळं.

बाबा शिंपी. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. टॅटूचा विषय निघाला की ते शिलाई मशीन अशा जोरात चालवायचे की पुढचं बोलणं ऐकूच येऊ नये.

एका सुट्टीच्या सकाळी भिंगरीने आपल्या मैत्रिणीला बाबांच्या कापायच्या टेबलाशी बसवलं होतं. ही मैत्रीण केकच्या दुकानात भट्टी सांभाळायची, म्हणून तिला सगळे ओव्हनवालीच म्हणत. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत भिंगरीने वेल काढली. टेबलावर हात होता तोवर वेल झकास दिसत होती.

"हात खाली सोड गं, पोरी," बाबा मशीनवरून म्हणाले.

ओव्हनवालीने हात सोडला. वेलीला दोरखंडासारखा पीळ पडला.

"बाही उलटी लागली," बाबा उठून आले. खडूने त्यांनी वेलीशेजारी एक रेघ ओढली, खांद्याकडून फिरत आत मनगटाकडे गेलेली. "माणूस उभा राहिला की हाताला असा पीळ असतो. बेतायचं ते उभ्या माणसावर. बसलेल्या माणसाचं माप घेतो का मी कधी?"

भिंगरी बघतच राहिली. आपण हिला शिकवत बसलो हे बाबांच्याही उशिरा ध्यानात आलं असावं. खडू खिशात टाकून ते म्हणाले, "पण एक सांग. माझं चुकलं तर मी उसवतो. तुझं चुकलं तर?"

"नाही चुकणार."

"हं," बाबा म्हणाले आणि मशीन सुरू झालं.

दोन महिन्यांत एकोणीस पानं झाली. विसावं काही केल्या होईना. काढायची, फाडायची. केकवर एकाच आठवड्यात तिने दोनदा नावं चुकवली. आणि कपाटात, स्वेटरखाली, एक खोकं होतं. त्यात तिने गुपचूप मागवलेलं टॅटूचं मशीन होतं. ते तिथे आहे या विचाराने तिचे हात शिवशिवायचे.

एका दुपारी बाबा गिऱ्हाइकाकडे गेले असताना ओव्हनवाली आली. खोकं बघून तिचे डोळे चमकले.

"मनगटावर तीन मुंग्या काढ. ओळीने चाललेल्या. अगदी छोट्या."

"बाईंनी सुईला हात लावू नको म्हटलंय."

"बाई इथे बघायला येणार आहेत का?"

भिंगरीला एवढाच धक्का पुरे होता. पहिली मुंगी बरी झाली. दुसरीला पाय फुटेनात. तिसरीच्या वेळी सुई खोल गेली, शाई कातडीखाली पसरली आणि मुंगीच्या जागी निळसर डाग उरला. ओव्हनवालीने मनगट डोळ्यांजवळ नेलं.

"हे पुसलं जाईल ना?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

दोन दिवसांत मनगट सुजलं. डॉक्टर झाले, मलम झालं, सूज उतरली, डाग राहिला. दुकानात ओव्हनवाली तिच्याकडे पाठ करून काम करू लागली. केकचे थर सरकवताना 'घे' एवढंच म्हणायची, तेही थराकडे बघून.

बाबांना भिंगरीने आपण होऊन सांगितलं. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मान खाली घालून उभी राहिली. बाबा बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले.

"गिऱ्हाइकाचं कापड बिघडलं तर मी काय करतो, बघितलंयस ना?"

"त्यांच्या घरी जाऊन सांगता."

"तुझ्या त्या बाईंना सांगितलंस?"

भिंगरीने मान हलवली. नाही.

पुढचा आठवडा तिने नुसत्या येरझारा घालण्यात काढला. विसाव्या पानासाठी चार चित्रं काढली. चारही चांगली होती. त्यातलं एखादं लावून टाकलं असतं तर कोणाला कळलं असतं? शेवटी ती ओव्हनवालीसमोर जाऊन उभी राहिली.

"तुझ्या हाताचा फोटो काढू?"

"कशाला? बक्षीस मिळणार आहे?"

"फाइलीत लावायचाय."

"माझा हात बिघडवलास आणि आता लोकांना दाखवणार?"

"एकाच माणसाला. मी काय केलंय ते त्यांना कळायला हवं. नको म्हणालीस तर नाही काढणार."

ओव्हनवालीने हातातला ट्रे आदळून ठेवला. मग बाही वर केली.

या वेळी बाईने फाइल सावकाश बघितली. बेडकापाशी थांबून हसली, पोस्टातल्या बाईंच्या मनगटावरून बोट फिरवलं. भिंगरीला तेवढा वेळही सोसवेना. शेवटचं पान उलटलं आणि बाईने चष्मा डोळ्यांवर ओढला.

"हे कोणी केलं?"

"मी."

"मी काय सांगितलं होतं?"

"सुईला हात लावू नको."

बाईने फाइल मिटून तिच्याकडे सरकवली. "जा."

भिंगरी दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला. "त्या मुलीला घेऊन ये. कातडी पूर्ण बरी झाली की. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी."

कातडी बरी व्हायला दीड महिना लागला. ओव्हनवाली यायला तयार नव्हती, मग झाली. 'तू बोलायचं नाहीस' या अटीवर.

बाईने तिला खुर्चीत बसवलं, आधी हात खाली सोडायला लावला, मग वर करायला. मनगटावर निळ्या पेनाने तीनदा वेगवेगळं काढून पाहिलं आणि तिन्ही वेळा ओव्हनवालीला विचारलं, तुला हवंय का हे? चौथ्या चित्राला ती हो म्हणाली. भिंगरीच्या हातात दिवा दिला होता. दोन तास ती जागेवरून हलली नाही. पायाला मुंग्या आल्या, मान आखडली.

"दुखतंय का विचार तिला," बाई मध्येच म्हणाली. "मी नाही, तू विचारायचंस. तिच्या तोंडाकडे बघून."

"दुखतंय?" भिंगरीने विचारलं.

"त्या दिवशीएवढं नाही," ओव्हनवाली म्हणाली.

डागाचं एक पिकलेलं पान झालं, कडेला कुरतडलेलं. पहिली मुंगी तशीच राहिली. दुसरी पानाच्या शिरेत मिसळून गेली. काम सुबक झालं होतं, पण नीट बघितलं तर शिरेखाली निळसर झाक दिसत होती. बाईने ती लपवली नाही. "एवढं राहणार," ती ओव्हनवालीला म्हणाली.

मग हातमोजे काढता काढता तिने विचारलं, "हिला शिकायला ठेवून घेऊ का गं? तू सांग."

ओव्हनवाली मनगट उलटसुलट करून बघत राहिली.

"घ्या," ती शेवटी म्हणाली. "बाहेर मोकळी सोडलीत तर आणखी कोणाला तरी धरेल."

बाई पहिल्यांदाच मोठ्याने हसली. मग लगेच अटी सांगितल्या. वर्षभर मशीनला हात नाही. घरातलं खोकं उद्या इथे आणून द्यायचं. सकाळी केकचं दुकान, दुपारनंतर इथे साफसफाई आणि रेघा. नुसत्या रेघा. "आणि मुदतीआधी काही आणून दाखवलंस तर बघणार नाही."

दोघी बाहेर पडल्या. भिंगरीला धावत सुटावंसं वाटत होतं, रडावंसंही वाटत होतं. काय करावं ते न कळून ती ओव्हनवालीच्या चालीने चालत राहिली. ओव्हनवालीने पट्टी बांधलेला हात पलीकडच्या बाजूला धरला होता. चौकात दोघी थांबल्या. तिथे वाटा फुटत होत्या.

"उद्या सातला ये," ओव्हनवाली म्हणाली. "मोठी ऑर्डर आहे. उशीर करू नकोस."

"साडेसहाला येते."

"सातला म्हटलं ना," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.