नोंद झाली

१९८६ साली रक्तपेढीत संगणक आला आणि इमारतीतला एकुलता एक एसी त्याच्या खोलीत बसला. माणसांनी घाम पुसत काम करायचं. प्रोग्राम तिथं संगणकाचं काम बघणाऱ्या उत्तरानं लिहिला होता. तीन खिडक्या, प्रत्येकीवर संगणकाचा एक पडदा. प्रत्येक नोंद आधी डिस्कवरच्या रोजनाम्यात जाई, मग मुख्य यादीत. मध्येच विजेची लाइन गेली तरी रोजनाम्यावरून यादी सावरता येई. पण तिन्ही खिडक्यांच्या नोंदी एकामागून एक लिहिल्या जात, म्हणून एकेका नोंदीला सात सेकंद लागत.

"खिडकीवर लोक मरून राहिले, अन् तुमचं यंत्र डायरी लिहून राहिलं!" प्रमुख बाबाराव म्हणाले.

उत्तरानं तोड काढली. नोंदी यंत्राच्या स्मृतीत जमवायच्या, दहा झाल्या की एकदम डिस्कवर लिहायच्या. पडद्यावर मात्र "नोंद झाली" लगेच. बाबारावांनी सगळ्यांना पेढे वाटले.

रक्त तपासणाऱ्या सुभद्राची एक पद्धत होती. "नोंद झाली" दिसलं की तपासणीची चिठ्ठी फाडायची, म्हणजे तीच नोंद दोनदा जात नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी तिनं टाइप केलं: बाटली ४१७, काविळीचा दोष, देऊ नये. नोंद झाली. चिठ्ठी फाडून, कामाची पाळी संपली म्हणून ती घरी गेली. पाठोपाठ लाइन गेली. स्मृतीत तेव्हा सहाच नोंदी जमल्या होत्या; लाइनीबरोबर त्याही पुसल्या गेल्या.

लाइन आली तेव्हा यादीत ४१७ पुढे दोष नव्हता, म्हणून ती चांगली धरली गेली. संध्याकाळी ती कुही गावच्या रंभाबाईला बाळंतपणात चढवली.

ऑगस्टमध्ये तिचा नवरा रुपराव पावती घेऊन आला. "ताई, डोळे हळदीवानी झाले तिचे. रक्त तं इथूनच नेलं होतं न?"

पावतीवर ४१७ पाहून सुभद्रानं उत्तराला हाक मारली. "हे बाद केली होती वं मी, उत्तरा. 'नोंद झाली' आलं होतं. आईची शपथ."

उत्तरानं रुपरावपासून काही लपवलं नाही.

"म्हणजे मशीनले माहीत होतं?"

"नाही, भाऊ. त्यानं झालं म्हणून सांगितलं फक्त. मीच तसं सांगायला लावलं होतं."

चौथ्या दिवशी रंभाबाई गेली. लेकरू तीन महिन्यांचं.

त्याच आठवड्यात उत्तरानं प्रोग्राम बदलला. नोंदी अजूनही एकत्रच लिहायच्या, पण दहाची वाट पाहायची नाही. दर दोन सेकंदांनी जमतील तेवढ्या. आणि डिस्कवर लिहून होईपर्यंत "नोंद झाली" म्हणायचं नाही. तोवर "थांबा". बदल चार ओळींचा.

बाबारावांनी घड्याळ लावून पाहिलं. "रांग तं तेवढीच पटपट सरकून राहिली! मग हे आधीच काहून नाही केलं, बाई?"

पडद्यावर "थांबा" होतं. शेजारी सुभद्रा चिठ्ठी दोन्ही हातांत घट्ट धरून उभी होती.

नोंद झाली.

सुभद्रानं चिठ्ठी घडी करून पदराच्या गाठीत बांधली.