कुणाकडून ऐकलीत

बद्रुद्दीन मौलवींनी वहीतल्या अकराव्या गोष्टीवर आडवी रेघ ओढली आणि टाक पुन्हा दौतीत बुडवला. इंग्रजांनी गावावर लादलेला मार्शल लॉ उठून वर्ष झालं होतं, बेगम पेठेतले माग पुन्हा खडखडत होते, आणि उत्तरेच्या मदरशातून आठ वर्षांनी परतलेले मौलवी गावातल्या भाकडकथांच्या हात धुऊन मागे लागले होते. पैगंबरांच्या नावावर कुणी काही सांगितलं, की ते कुणी कुणाकडून ऐकलं, याची साखळी पार पैगंबरांपर्यंत तपासल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. खोट्या ठरलेल्या गोष्टींची यादी येत्या जुम्म्याला ते मशिदीत वाचणार होते.

त्याआधीच हुरमतबी दारात आली. मागवाल्यांच्या घरातली म्हातारी, काखेत फडक्यात बांधलेली भाकरी. मागे बुरख्यात तिची सून मेहरून.

"मौलवीसाब, हिचं तान्हं जाऊन पाच दिस झाले. पोटात दाणा न्हाय. घड्याची गोष्ट सांगितली, तर म्हनती, मौलवीसाब ती खोटी म्हनत्यात."

घड्याची गोष्ट वहीत बारावी होती. मेलेलं लेकरू जन्नतच्या दाराशी आईसाठी पाण्याचा घडा धरून उभं राहतं. आई उपाशी राहिली, की घडा आटतो. असं म्हणे पैगंबरांनी सांगितलंय. मौलवींनी सगळे ग्रंथ पालथे घातले होते. कुठेही मागमूस नव्हता.

"तुम्ही कुणाकडून ऐकलीत?" त्यांनी सवयीने विचारलं.

"तुमच्या अब्बांकडनं. माझा पहिला गेला तवा मीबी आशीच बसलेली. ते आले, भाकरी फुडं ठिवली. मग सांगितली."

"आणि अब्बांनी कुणाकडून ऐकली?"

"त्ये मला कुटं ठावं? सांगताना रडत हुते बगा."

मौलवींचा टाक हातातच राहिला. पैगंबरांच्या तोंडी जाणूनबुजून खोटं घालणाऱ्याची जागा आगीत, हा पहिला धडा त्यांना अब्बांनीच दिला होता. दर जुम्म्याला ज्या कबरीवर ते दुआ मागत, त्या कबरीतल्या अब्बांची जागा मग कुठे?

"खरी हाय का ती?" मेहरूनने विचारलं. बुरख्याबाहेर आलेल्या तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

मौलवींनी टाक खाली ठेवला.

"ही गोष्ट माझ्या अब्बांनी सांगितली आहे," शेवटी ते एवढंच म्हणाले. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

हुरमतबीने लगबगीने फडकं सोडलं. मेहरूनने भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि तो ती फार वेळ चावत राहिली. मी गोष्ट खरी म्हटलेली नाही, हे मौलवींना सांगायचं होतं. त्यांनी तोंडही उघडलं. ती दुसरा तुकडा मोडत होती.

दोघी गेल्या. गल्लीतल्या नळावर कुणीतरी विचारलं, पोरगी जेवली का. हुरमतबीचा आवाज भिंतीपलीकडून स्पष्ट आला.

"जेवली की! घड्याची गोष्ट आता पक्की झाली बग. आदी थोरल्या मौलवीसाबांनी सांगितलेली, आन आज धाकल्या मौलवीसाबांनी."