रडलेलं बाळ

सुईणबाई सकाळी ओट्यापाशी कात्री उकळत होती. नवरा दाढी करता करता आरशातूनच म्हणाला, "कात्रीचा चहा झाला असेल तर घोटभर मलाही दे." ती हसली, तोच नगराध्यक्षांचा माणूस दारात उभा राहिला. "बाई, नोंदवही घेऊन बोलावलंय."

तिने नोंदवही काखेत घेतली. कालच दुपारी तिने अध्यक्षांच्या घरच्या सुनेला मोकळं केलं होतं. तिसरी मुलगी. जन्मताच रडून पोरीने घर डोक्यावर घेतलं होतं.

अध्यक्षांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "पोर राहिली नाही. मेलेलीच जन्मली असं लिहा आणि खालच्या शपथेवर सही करा."

मृत जन्मलेल्या मुलाची चौकशी होत नाही, हे गावातल्या मोठ्या घरांना चांगलं ठाऊक होतं.

"मला बघू द्या तिला," सुईणबाई म्हणाली.

सासूने फडक्यात गुंडाळलेली पोर आणून ठेवली. बाईने फडकं बाजूला केलं. नाळेवर तिचा पांढरा दोरा होता, दोन गाठींचा.

"मेलेल्या बाळाची नाळ मी बांधत नाही, साहेब. ही मी बांधलीय."

सासूचा चेहरा उतरला. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मग सोडा तो दोरा," अध्यक्ष म्हणाले.

"शपथ देवाची आहे."

"देवाचं मी बघून घेईन. त्याच्या घरावरचं छप्पर मीच घालून दिलंय." मग त्यांनी वर्तमानपत्राची शांतपणे घडी केली. "एकदम सोवळ्या झालात की! मागे दोन घरांत असंच लिहून दिलंत ना? काढू का बाहेर?"

दोन्ही घरं सुईणबाईला आठवत होती. त्या दिवसांपासून ती प्रार्थनेला बसायची, पण ओठ उघडत नसत. आतल्या खोलीत सुनेचे हुंदके एकाएकी थांबले; तीही ऐकत असावी.

बाईने वही उघडली. 'मुलगी. जिवंत जन्मली. मोठ्याने रडली.' खाली सही केली, वही छातीशी धरली आणि ती उठली.

"बाई, तुरुंगात कुजाल!"

"ते दोन जीव मीच बाहेर काढते, साहेब. तुम्ही कशाला त्रास घेता?"

ती तडक पोलीस चौकीकडे निघाली. रस्त्यातच नवऱ्याने तिला गाठलं. सगळं ऐकून त्याने तिची वाट अडवली. "अगं, मुलीला मारलं त्यांनी, आणि आत तू जाणार?"

"मीही जाणार. सह्या माझ्या आहेत."

चौकीतल्या अंमलदाराने पत्ता ऐकताच लेखणी खाली ठेवली. "घरी जा, बाई. यात तुम्हीच अडकाल."

सुईणबाई समोरच्या बाकावर बसली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. चौकीसमोरून गावातल्या बायका जात होत्या. कितीतरी जणींची बाळंतपणं तिनेच केली होती. एकीनेही मान वळवली नाही. ती मात्र दर थोड्या वेळाने उठून अंमलदाराला तेच सांगत होती, "मुलगी रडली होती. लिहून घ्या."