घरघर कुणाची?

"प्रणिता, पोरीला बाहेर ने. तिचा श्वास येतोय रेकॉर्डिंगमध्ये," नुकताच घेतलेला शॉट परत ऐकून दिग्दर्शक वरद म्हणाला, आणि प्रणिताचं डोकं सणकलं.

कोंडाण्याजवळच्या एका बंगल्यात शूटिंग चाललं होतं. आवाज टिपायचं काम प्रणिताचं. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून सोबत आणलेली तान्ही अबोली तिच्या पायाशी गाढ झोपली होती.

हेडफोनमध्ये घरघर होती खरी. पोरीची छाती भरली की काय, या धास्तीनं ती खाली वाकली. श्वास अगदी मोकळा होता. मग तिनं माइक कॅमेऱ्याकडे वळवला आणि घरघर एकदम वाढली.

"कॅमेऱ्याचा पंखा आहे तो! शॉट चालू असेपर्यंत बंद ठेवा, मधल्या वेळात चालवा. मेनूत सोय आहे."

"कॅमेरा तापेल ना गं," कॅमेरामन यज्ञेश कुरकुरला.

"आणि बाहेर उन्हात माझी पोर तापलेली चालेल?"

वरदनं हात झटकला. "पंखा नेहमीचाच आहे. पोर आज आणलीयस."

हे तिला झोंबलं. त्या नेहमीच्या पंख्याबद्दल ती दर शूटिंगला बोलायची, आणि दर वेळी "एडिटिंगला काढू" म्हणून तिला गप्प बसवायचे. तिनं हेडफोन काढून सरळ वरदच्या कानांवर चढवला.

"यज्ञेश, कर आता बंद."

घरघर थांबली. वरद पोरीकडे बघतच राहिला. मग घाईनं म्हणाला, "चला, शॉट घेऊ या."

"थांबा. आधी सांगा, शूटिंग संपेपर्यंत पोर इथंच झोपणार."

"झोपू दे," तो पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."