तिसऱ्यांदा विचारलं तर

"सॉसेज खाणार?" वेस्लीने विचारलं.

सॉसेज खरं तर माझीच होती. म्हणजे फर्गलच्या आईने फर्गलसाठी दिलेली, पण आयर्लंडमधल्या लेट्रिमपासून अमेरिकेतल्या आयोवापर्यंत ती माझ्या पायमोज्यांत गुंडाळून मीच आणली होती. डब्लिनच्या विमानतळावरच अमेरिका सुरू होते, त्यांची तपासणी तिथेच उरकतात. तिथल्या अमेरिकन अधिकाऱ्याने विचारलं होतं, "सामानात मांस आहे?" मी म्हणालो, "छे छे, नाही." त्याने परत विचारलंच नाही. पासपोर्ट हातात दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मी आपला तिथेच उभा. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी घुटमळलो असतो, आणि तिसऱ्यांदा विचारलं असतं तर सगळे पायमोजे काढून त्याच्या टेबलावर मांडले असते. एवढा मोठा देश एका प्रश्नावर राखतात, हे बघून मला त्यांची काळजीच वाटली.

तर वेस्लीने, म्हणजे फर्गलच्या इथल्या खोलीतल्या जोडीदाराने विचारलं, सॉसेज खाणार?

"नको, नको," मी म्हणालो. "विमानात झालंय माझं."

विमानात माझं काहीही झालं नव्हतं. हवाईसुंदरीनेही एकदाच विचारलं होतं.

"ओके," म्हणत वेस्लीने तव्यातली उरलेली सगळी सॉसेज स्वतःच्या ताटलीत ओतली.

मी फर्गलकडे पाहिलं. फर्गल मॅकपार्टलिन. आमची घरं एका कुंपणाच्या दोन बाजूंना, शाळेत आमचा बाक एक, गोवरसुद्धा आम्ही एकाच आठवड्यात काढलेला. अशा वेळी "घे रे, लाजतोस काय नव्या नवरीसारखा" म्हणणं हे त्याचं काम. पण तो सॉसेजवर पाक ओतण्यात गुंतला होता. गोड पाक. आपल्या आईच्या सॉसेजवर.

आमच्या लेट्रिममध्ये पहिलं 'नको' म्हणजे नमस्कार. दुसरं 'नको' म्हणजे घरी सगळे बरे ना. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, "आता तुमचा एवढा आग्रहच आहे तर अर्धा कप," आणि चहाबरोबर अख्खा केक संपवतो. आमच्या गल्लीतल्या गिलहूलीबाईंनी तर घरात शिरलेल्या चोरालाही चहा विचारला होता. तो दोनदा नको म्हणाला, तेवढ्यात पोलीस आला. मग बाईंनी पोलिसाला विचारलं. तोही दोनदा नको म्हणाला, तेवढ्यात चोर पळाला. गावात या प्रकरणी बाईंना कोणीही दोष दिला नाही.

"मग मॉलाकी, काय करतोस तू तिकडे?" वेस्लीने सॉसेज चावत विचारलं. त्याचे दात इतके पांढरे होते की तोंड उघडलं की खोलीत जरा जास्त दिसायला लागायचं.

"दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो."

"ऑसम!" वेस्ली म्हणाला.

"ऑसम ना?" फर्गल म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून मला एखाद्या पाद्र्याच्या खिशात पत्ते सापडल्यासारखं वाटलं.

मी आलो होतो एका कामासाठी. फर्गल फार जोरात पळतो. इतक्या जोरात, की त्या पळण्यावर या विद्यापीठाने त्याला फुकटात शिकायला बोलावलं. जाताना तो मला म्हणाला होता, "पळतो चार वर्षं आणि येतो. मग आपण दोघं मिळून यंत्रांचा धंदा करू." हे त्याचं शेवटचं वर्ष. मी व्हॅन घेतली होती. पांढरी. आणि आमच्या गावच्या पॅकी रंगाऱ्याकडून तिच्या अंगावर हिरव्या अक्षरांत लिहून घेतलं होतं : गिलरेन आणि मॅकपार्टलिन. गिलरेन मी. गावात लोक विचारायचे, दुसरा कुठाय? मी सांगायचो, येतोय. त्या व्हॅनचा फोटो फोनमध्ये होता. आल्या आल्या दाखवायचा असं विमानात ठरवलं होतं. पण तिसऱ्यांदा विचारल्याखेरीज आपणहून काही पुढे करायचं, तेही उपाशीपोटी, मला जमत नाही.

"फर्ग, गुडघा कसाय?" वेस्लीने विचारलं.

फर्ग! आमच्या अख्ख्या गावात त्याचं नाव कोणी कधी तोडलं नव्हतं.

"कुठला गुडघा?" मी विचारलं.

"डावा," दोघंही एकदम म्हणाले.

मला हे माहीत नव्हतं. माझ्याकडे होता तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे उत्तम होते.

पुढचे दिवस मी आयोवात उपाशी फिरलो. विद्यापीठाच्या खानावळीत पाहिजे ते, पाहिजे तेवढं घेता येतं. फर्गल दारात म्हणाला, "माझ्या कार्डावर तुलाही आत घेऊ?" मी म्हणालो, "नको रे, कशाला उगाच." तो म्हणाला, "बरं." मी बाहेरच्या बाकावर बसून काचेतून बघत राहिलो. वेस्लीने फर्गलच्या ताटातला बटाटा न विचारता उचलला. न विचारता! समोर एक खार पावाचा तुकडा खात होती. इतकी लठ्ठ खार मी जन्मात पाहिली नव्हती. मला त्या खारीचाही हेवा वाटला. तिला कोणी काही विचारत नव्हतं आणि तिचं सगळं व्यवस्थित चाललं होतं.

दुपारी एका पाटीवर वाचलं, 'सभेला या, पिझ्झा मोफत.' मी गेलो. ती विद्यार्थी मधमाशीपालक मंडळाची सभा होती. एका मुलीने पिझ्झा पुढे केला. मी म्हणालो, "नको." ती पुढे गेली. खोका परत फिरून येत असताना मात्र मी लाज सोडून हात वर केला. नेमक्या त्याच क्षणी अध्यक्षबाईंनी उपाध्यक्षपदासाठी नावं मागितली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिझ्झा संपला होता.

"तू मधमाश्यांच्या मंडळाचा उपाध्यक्ष झालास?" फर्गलने विचारलं.

"बिनविरोध."

तो हसला. पूर्वीसारखा, भिंतीला टेकून, पोट धरून. मी फोन काढायला खिशात हात घातला. तेवढ्यात वेस्ली आला आणि फर्गलने तो किस्सा त्याला सांगितला. चांगला सांगितला, माझ्यापेक्षा चांगला. दोघं भिंतीला टेकले. मी हात खिशातून रिकामाच बाहेर काढला.

रविवारी सकाळी वेस्ली म्हणाला, "आम्ही दोघं आमच्या घरी जेवायला चाललोय. शेतावर. येतोस?"

"नको, नको. तुझ्या आईला उगाच त्रास."

"ओके."

मी फर्गलकडे बघितलं. तो बुटाची नाडी बांधत होता. मान खाली घालूनच म्हणाला, "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. दुसरं झालं. आता एकच राहिलं होतं. मी जाकिटाची एक बाहीसुद्धा घालून ठेवली.

"बरं मग, संध्याकाळी भेटू," फर्गल म्हणाला, आणि दोघं जिना उतरून गेले.

मी एका बाहीत उभा राहिलो. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा. मग कोणीतरी दोन-दोन पायऱ्या घेत वर आलं. वेस्ली.

"मॉलाकी, खरंच येत नाहीस?"

"नको रे."

"बरं." तो जिन्यापर्यंत गेला आणि वळला. "हे बघ, फर्ग आत्ता गाडीत सांगत होता, तुमच्यात म्हणे तिसऱ्यांदा विचारायचं असतं. त्याचं एक धरायचं की नाही, मला कळेना. माझं हे तिसरं की चौथं? म्हणजे चुकलं तर परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं का?"

"तुझा एवढा आग्रहच आहे तर," मी म्हणालो, आणि दुसरी बाही घातली.

म्हणजे फर्गल विसरला नव्हता. विसरला असता तर बरं झालं असतं. त्याला सगळं आठवत होतं, आणि ते त्याने गाडीत गंमत म्हणून सांगितलं. तिकडचे लोक काय करतात माहितेय? असं. मी मागच्या सीटवर बसलो. पुढच्या सीटवर नेहमीप्रमाणे फर्गल होता. घरी समोरून ट्रॅक्टर आला तरी तो स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख द्यायचा. इथे गाड्यांमागून गाड्या जात होत्या आणि त्याचा हात मांडीवर पडला होता. मागच्या सीटवरून मीच बोट उचलत राहिलो. कोणी परत उचललं नाही.

वेस्लीच्या आईने ताट पुढे केलं. "घे ना, बाळ."

"नको, नको."

"मॉम, परत विचार," वेस्ली म्हणाला.

"घे ना, बाळ?"

"नको, खरंच."

"परत!" वेस्ली आणि त्याचे वडील एकदम ओरडले. तिसऱ्यांदा मी हो म्हणालो तेव्हा टेबलावर टाळ्या पडल्या. मग बटाट्यांनाही तसंच, घेवड्यालाही, भोपळ्याच्या गोड 'पाय'लाही. मीठ मागितलं तर वेस्लीच्या वडिलांनी मलाच तीनदा विचारायला लावलं. फार चांगली माणसं. माझा इतका जळफळाट कधीच झाला नव्हता. फर्गलही टाळ्या वाजवत होता. त्या बाजूला बसून.

"मॉम, अजून एक तुकडा दे," फर्गल म्हणाला. त्याला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

जेवणानंतर वेस्लीचे वडील आम्हाला गोठा दाखवायला घेऊन गेले. मोठा गोठा, लख्ख यंत्रं. मला तिथे दोष काढायचा होता, पण सापडला नाही. ते फर्गलच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाले, "जूनपासून हा कायमचाच जवळ येतोय, सांगितलं असेल त्याने. शहरात नोकरी लागली. वेस्लीबरोबरच घर घेतोय. रविवारची आमची एक खुर्ची वाढली म्हणायची." मग ते वेस्लीला घेऊन चाऱ्याकडे गेले.

गायी रवंथ करत राहिल्या.

"सांगणार होतो मी," फर्गल म्हणाला.

"कळलं की आता."

"तसं नाही रे, लेका. फोनवर सांगवत नव्हतं. आणि तू आलास तर तू इतका... तू काही विचारलंच नाहीस."

हे खरं होतं. मी सबंध आठवडा त्याच्या विचारण्याची वाट बघत होतो. तो बहुतेक माझ्या.

"परत येशील ना?" मी विचारलं.

"नाही रे, मॉलाकी."

"नक्की?"

"नाही जमणार."

मग तो थांबला. मान वर करून माझ्याकडे बघत राहिला, आणि त्या नजरेत आमचं गाव अख्खं शिल्लक होतं. त्याला माहीत होतं की अजून एकदा विचारायचं राहिलंय. मलाही माहीत होतं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. आमच्याकडच्या माणसाला तिसऱ्यांदा नाही म्हणताच येत नाही, ते अंगात नसतंच. मग तो आला असता. पावसात, शेणात, त्या डाव्या गुडघ्यावर माझ्या शेजारी उभा राहिला असता, आणि कधीच काही बोलला नसता.

प्रश्न माझ्या जिभेवर होता. वेस्लीकडे सगळं होतं, पण हा एक प्रश्न फक्त माझ्याकडे होता.

"गायी चांगल्या आहेत," मी म्हणालो.

फर्गलने श्वास सोडला. हळूच सोडला, मला ऐकू येऊ नये म्हणून. "हो," तो म्हणाला. "चांगल्या आहेत." आणि थोड्या वेळाने, "व्हॅन घेणार होतास ना?"

"घेतली."

"कसली?"

"पांढरी."

त्याने पुढे काही विचारलं नाही. फोन माझ्या खिशातच राहिला.

विमानतळावर वेस्लीने मला मिठी मारली. "पुढच्या वर्षी परत ये."

"छे, नको रे."

"परत ये."

"बघू."

"परत ये," वेस्ली म्हणाला. याचा त्याने सराव केला असावा. सबंध अमेरिकेत तिसऱ्यांदा विचारणारा एकच माणूस, आणि तो नेमका हा.

"येतो," मी म्हणालो. काय करणार?

घरी आल्यावर मी व्हॅन पॅकीकडे नेली. आरसा मोडला होता, त्यासाठी. मधमाशी मंडळाचा निरोप आला होता फोनवर, की उपाध्यक्ष सभेला का आले नाहीत. तो वाचत मी पॅकीच्या अंगणात उभा होतो. पॅकीने व्हॅनभोवती एक चक्कर मारली आणि हिरव्या अक्षरांसमोर थांबला. फर्गलच्या आईकडून गावात सगळ्यांना कळलंच होतं.

"दुसरं नाव पुसू का?" त्याने विचारलं.

"नको, राहू दे."

"पांढरा रंग आहे माझ्याकडे उरलेला. लगेच होईल."

"नको रे, पॅकी."

पॅकी आत गेला, डबा घेऊन आला, झाकण उघडलं, काडीने रंग ढवळला. ब्रशचे केस बोटांनी सरळ केले. मग उलट्या बादलीवर बसला, ब्रश गुडघ्यावर ठेवला, आणि पाऊस येतोय का ते बघत बसला. त्याला कसलीही घाई नव्हती. अजून एकदा विचारायचं होतं.