गाढव कशाला आणलंत?

आमच्या घरात आवाज होण्याआधी माणूस बोलतो. ‘दार लावतेय हं!’ मग दार. ‘कुकरची शिट्टी होईल आता!’ मग शिट्टी. लेक तर ताट ठेवतानाही ‘ठण्ण!’ असं आधी तोंडानं करते आणि मग ठेवते. पाहुण्यांना वाटतं, ही मंडळी एकतर बहिरी असावीत किंवा नाटकातली. सासूबाईंची शिंक म्हणजे तर सोहळाच. ‘येतेय रे... आली, आली... थांबा... गेली.’ आणि आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला की फाडकन येते.

हे सगळं नवऱ्यासाठी. लढाईवरून तो परत आला त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून पातेलं पडलं आणि हा माणूस क्षणात टेबलाखाली. जाताना तीन वर्षांच्या लेकीलाही कवेत ओढून घेऊन गेला. तिला तो खेळ वाटला. ‘बाबा, पुन्हा!’ म्हणाली. पुन्हा मात्र आम्ही होऊ दिलं नाही. त्या दिवसापासून पंजा वर करून, सांगून आवाज करायचा, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. पुढे डॉक्टर म्हणाले, ‘चांगलं केलंत, कुणी सुचवलं?’ सासूबाई म्हणाल्या, ‘पातेल्यानं.’

लढाईत तो तारवाला होता. एका चौकीपासून दुसरीपर्यंत टेलिफोनची तार टाकायची आणि तुटली की शोधत जाऊन जोडायची. आता शिवणयंत्रं दुरुस्त करतो. अकरा वर्षांत लढाईबद्दल त्यानं मला तीन वाक्यं सांगितली. थंडी फार होती. जेवण बरं असायचं. पोपट गेला. पोपट म्हणजे त्याचा जोडीदार. अखंड बडबड करायचा म्हणून पोपट. चौथं वाक्य मागितलं की उत्तर ठरलेलं: ‘नंतर सांगतो.’

मी ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण मागच्या खोलीत झालं, सुई, दोरा, खळ, पुठ्ठा आणि खोडरबर यांच्या संगतीत. जे फाटून येईल ते वाचायचं, हा माझा अभ्यासक्रम. त्यामुळे मी वाचलेल्या निम्म्या कादंबऱ्यांना शेवटची पानंच नव्हती. खून कुणी केला, लग्न कुणाशी झालं, हे माझं मीच ठरवायचं आणि पुठ्ठा चिकटवायचा. दोनचार खून तर मी आमच्या ग्रंथपाल मॅडमच्या नावावर घातलेत.

याच मॅडमनी एके सकाळी युद्धाच्या कपाटातली नऊ पुस्तकं माझ्या टेबलावर आदळली. (त्यांच्याकडे सांगून आदळायची पद्धत नाही.)

‘बघा. पानापानावर कुणीतरी पेन्सिल चालवलीय. पुस्तकात लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं! तीन महिन्यांनी तपासणी आहे. एकूण एक शब्द खोडून टाका.’

मी खोडरबर घेतलं, पहिलं पुस्तक उघडलं आणि तशीच बसले. ते अक्षर मी रोज बघत होते. दुरुस्त झालेल्या यंत्रांना तो चिठ्ठ्या बांधतो ना, त्यांवरचं. ‘सुई वाकडी होती. यंत्राचा दोष नाही.’ दर शुक्रवारी संध्याकाळी तो ग्रंथालयात बसतो, हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, वर्तमानपत्र वाचतो.

एका सेनापतीनं लिहिलं होतं की, जवान हसत हसत पुढे निघाले. बाजूला पेन्सिलीनं: ‘हसत नव्हते. थंडीनं दात वाजत होते. लांबून हसल्यासारखं दिसतं.’ एका कादंबरीत नायक भिजलेल्या बुटांनी डोंगर चढून जातो. तिथे: ‘आधी मोजे बदल, शहाण्या.’ आणखी एका ठिकाणी, सगळे मरताना लांबलचक भाषणं करतात तिथे, नुसतं: ‘अरे हो का!’ मी एकटीच खिदळत होते. ज्या माणसाकडून अकरा वर्षांत तीन वाक्यं मिळाली, तो इथे समासांत गप्पा छाटत बसला होता.

नववं पुस्तक बारीकसं होतं, एका सैनिकाच्या बायकोनं लिहिलेलं. तिनं एके ठिकाणी म्हटलं होतं, ‘माणूस घरी आला, पण आला नाही.’ त्याच्या शेजारी एकच शब्द होता: ‘बरोबर.’ खाली दोन रेघा.

मी खोडरबर खाली ठेवलं. पेन्सिल घेतली, डाव्या हातात धरली आणि त्या दोन रेघांखाली लिहिलं, ‘मग असतो कुठे?’ शुक्रवारी दुपारी ते पुस्तक गुपचूप कपाटात ठेवून आले. पुस्तकांचं काय झालं, असं मॅडमनी विचारलं, तर म्हटलं, ‘चाललंय.’

शनिवारी उत्तर होतं. ‘इथेच. दारात. आत यायला वेळ लागतो.’

मग आमचं सुरूच झालं. मी एक ओळ लिहायची, त्यानं चार. एवढं मोठं पत्र मला लग्नाआधीसुद्धा आलं नव्हतं. त्याला उंदरांची भीती वाटते, बंदुकीची नाही, हे मला एकोणिसाव्या पानावर कळलं. लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमात तो मागच्या दारापाशी उभा राहतो, ते पळून जाण्यासाठी नाही, तर ‘पळायची वेळ आली तर तिला उचलून नेता येईल अशा जागी,’ हे एकतिसाव्या पानावर. आणि पन्नासाव्यावर: ‘घरचे आवाज सांगून करतात. त्यांना वाटतं मला कळत नाही किती दमतात ती.’ त्या दिवशी मी एका शब्दकोशाला उलटा पुठ्ठा चिकटवला.

घरी त्याचा चेहरा बदलला होता. जेवताना एकदा आपणहून म्हणाला, ‘ग्रंथालयात एक जण भेटलाय. म्हणजे भेटला नाही, पुस्तकात लिहितो. लढाईवरचाच असणार. अक्षर भयंकर आहे, पण माणूस चांगला.’

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. घरात गुपित ठेवायला मला एक तरी माणूस लागतोच. ‘हो का,’ त्या म्हणाल्या. ‘बायकामुलं असतील का रे त्याला?’

‘असली तर बिचाऱ्यांना पत्ता नसेल, हा किती बोलतो ते.’

मी भाजी वाढली. खरं सांगायचं तर मला माझाच हेवा वाटत होता. तिथे पानं भरभरून आणि इथे ‘मीठ दे’. सांगून टाकावं असं दहादा ओठांवर आलं. पण भीती एकच होती. पलीकडे मी आहे हे कळलं आणि तो पुन्हा मिटला तर? मग तर समासही गेला.

अडीच महिन्यांनी पुस्तकाची जागा संपली. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं:

‘पोपट आणि मी तारेच्या दोन टोकांना असायचो. तार चालू आहे ना, हे बघायला सारखं बोलत राहावं लागतं. तो विनोद सांगायचा. भिकार असायचे. त्या दिवशी सांगत होता: एक म्हातारा घड्याळ दुरुस्तीला देतो. दुकानदार म्हणतो, उद्या या. रोज जातो, रोज उद्या. अशी सात वर्षं. एक दिवस म्हातारा येतो तर शेजारी गाढव. दुकानदार विचारतो, गाढव कशाला आणलंत? म्हातारा म्हणतो... इथे तार तुटली. मी जाऊन जोडली. पलीकडे कुणी नव्हतं. बाकी सगळं मी सोसलं असतं, पण तो अर्धा विनोद डोक्यात वाजत राहतो. लोकांना विचारायची लाज वाटते. तुम्हाला शेवट माहीत आहे का? या नाही, पुढच्या रविवारी चार वाजता मासिकांच्या टेबलाशी बसतो.’

खळीत बुडवलेला ब्रश माझ्या हातातच वाळला.

सोमवारी तो दुकानात असताना मी पुस्तक घरी आणलं आणि सासूबाईंना व लेकीला ते पान वाचून दाखवलं. लेक आता चौदा वर्षांची. ती डोळे पुसून म्हणाली, ‘आई, हा विनोद शोधू या.’ तिनं शाळेत सगळ्यांना विचारलं, मी ग्रंथालयातली विनोदाची सगळी पुस्तकं चाळली, सासूबाईंनी बागेतल्या बाकावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना गाठलं. कुणालाच ठाऊक नव्हता.

‘आपणच करू शेवट,’ मी म्हटलं. ‘मी आयुष्यभर तेच करत आलेय.’

‘कर. पण पोपटचा म्हणून द्यायचा नाही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं घालायचं नाही. आपला म्हणून द्यायचा.’

लेकीचा शेवट पाच मिनिटांत तयार झाला, माझा एका दिवसात. सासूबाईंना तीन दिवस लागले. भाजी निवडताना मध्येच थांबायच्या, ‘गाढव... गाढव...’ करायच्या. शेजारीण एकदा दारातूनच परत गेली. शुक्रवारच्या आत मी पुस्तक परत कपाटात ठेवलं.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून साडेतीनलाच गेला. चारला मी पोचले तर पाठ भिंतीला, तोंड दाराकडे, पुढ्यात ते पुस्तक आणि पेन्सिल, समोर एक रिकामी खुर्ची ओढून ठेवलेली. एखाद्या मुलीला बघायला आल्यासारखा बसला होता.

‘अगं, तू? आज तर तुझी खोली बंद असते.’

‘बंदच आहे. बसू का?’

‘आत्ता? अगं, तो माणूस यायचाय माझा.’

‘येईपर्यंत बसते.’

‘बस, पण आला की ऊठ हं. खुर्ची एकच आहे.’

मी बसले. टेबलावरची मागणीची चिठ्ठी ओढली, डाव्या हातात त्याची पेन्सिल धरली आणि लिहिलं, ‘मोजे बदललेत का?’ चिठ्ठी पेन्सिलीसकट त्याच्याकडे सरकवली.

त्यानं वाचलं. दाराकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडे, मग माझ्या हाताकडे. त्याचं तोंड मिटलं. ते मिटणं मी ओळखते, अकरा वर्षं त्याच्यासमोर जेवतेय.

‘कधीपासून?’

‘पहिल्या ओळीपासून.’

बराच वेळ तो चिठ्ठीच्या कडा सरळ करत राहिला. मग म्हणाला, ‘अक्षर भयंकर आहे तुझं.’

‘डाव्या हाताचं आहे ते.’

‘उजव्याचंही असंच आहे.’

माझा जीव भांड्यात पडला. (आवाज न करता पडला.) पण लगेच त्याचे खांदे उतरले. ‘म्हणजे शेवट तुला माहीत नसणार.’

‘खरा नाही माहीत. तो पोपटभावजींबरोबर गेला. पण घरी केलेले तीन आहेत. ऐकता का?’

त्यानं मान हलवली. तीही हो की नाही ते कळेना. मी हो धरलं.

‘लेकीचा. दुकानदार विचारतो, गाढव कशाला आणलंत? म्हातारा म्हणतो, हा तुमचा नवा कारागीर, निदान लवकर करेल.’

‘हं.’ एखादं यंत्र कानाला लावून ऐकावं तसा चेहरा. ‘बरा आहे. पण पोपट असा शहाण्यासारखा नसता बोलला. पुढचा?’

‘माझा. म्हातारा म्हणतो, सात वर्षं तुमच्याशी बोलून बघितलं, आज दुभाषी घेऊन आलो.’

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. ‘हा फारच हुशारीचा. पुस्तकं वाचून झालेला.’

‘तिसरा आईंचा.’

‘आईचा?’

‘दुकानदार विचारतो, गाढव कशाला आणलंत? म्हातारा मागे वळून बघतो आणि म्हणतो, मी कुठे आणलं? ते त्याचं घड्याळ न्यायला आलंय.’

एक, दोन, तीन. मग त्याची मान थरथरायला लागली. मी घाबरून उठणार, तेवढ्यात त्यानं पंजा वर केला, आम्ही घरी करतो अगदी तस्सा, आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘ऐका हो... मी हसणार आहे... मोठ्यानं!’

आणि हसला. असा हसला की मासिकं वाचणाऱ्या चारही म्हाताऱ्यांचे चष्मे खाली आले. ‘पोपट!’ टेबलावर थाप मारून म्हणाला. ‘अगदी पोपट! एवढा भिकार फक्त त्यालाच जमला असता!’ डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कशाचं, हे विचारायची मला गरज वाटली नाही. मीही हसत होते. चारांतले दोन म्हातारे, काही न कळता, हसत होते.

मॅडम ताडताड आल्या. ‘हे ग्रंथालय आहे की...’ त्यांची नजर उघड्या पुस्तकावर पडली, शेवटच्या पानावर. पेन्सिल त्याच्या हातात होती, चोर मुद्देमालासकट. त्यांनी पान वाचलं. सगळं वाचलं. मग विचारलं, ‘मग काय म्हणाला म्हातारा?’

त्यानं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत; त्यांना ते येत नसावं. कानामागचं पेन काढून त्यांनी त्याच्यापुढे धरलं.

‘ते इथे खाली लिहा. पेनानं. पेन्सिल पुसली जाते.’

‘आणि तपासणी?’ मी विचारलं.

‘तपासणीला मी बघते. तुम्ही ती आठ पुस्तकं आणा इकडे. मला वाचायचीत.’

घरी येताना आम्ही लांबच्या रस्त्यानं आलो. पोपटचे आणखी सहा विनोद मी त्या वाटेत ऐकले. सहाही भिकार.

दारातच सासूबाई उभ्या. ‘कोणाचा लागला?’

‘तुझा, आई,’ तो म्हणाला. ‘सुचलं कसं गं तुला?’

‘त्यात सुचायचं काय? एवढा लांब आला तो जीव, त्याचंही काही काम असेलच की!’ असं म्हणून त्या कौतुकानं फुगल्या आणि त्या भरात, काहीही न सांगता, फाडकन शिंकल्या.

तो दचकला. हात चौकटीवर गेला, बोटं पांढरी झाली. लेक आणि मी दगडासारख्या उभ्या. सासूबाईंनी तोंडावर पदर धरला.

त्यानं एक लांब श्वास घेतला, मग दुसरा. चौकट सोडली.

‘आई, शिंक कशाला आणलीस?’

‘मी कुठे आणली?’ सासूबाई पदराआडून म्हणाल्या. ‘ती तिचं घड्याळ न्यायला आली होती.’

तो पंजा वर करायला विसरला आणि हसला.