चंद्रीच्या ताटातला गहू

मित्रांनो, मी एक जुनी दगडी गव्हाण आहे. गाईचं ताट म्हणा हवं तर! बीदरकडच्या एका पाथरवटानं मला घडवलं. लक्ष्मणराव आणि चतुराबाई गाव सोडून हैदराबादला आले, तेव्हा भांड्याकुंड्यांच्या आधी मला ट्रकात चढवलं. आता तारनाक्याला त्यांच्या घरामागे चंद्री गाय माझ्यात जेवते. तिची खरबरीत जीभ अंगावरून फिरली की मला फार बरं वाटतं.

आमच्या गल्लीत गाय एकच. म्हणून वसुबारसेला सगळ्या मराठी बायका चंद्रीकडेच येतात. त्या दिवशी त्या गहू खात नाहीत. गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या वैशालीला वाटलं, आपण नाही खात तर गाईला तरी द्यावा. तिनं ताटभर गहू आणला. तिचं पाहून बाकीच्यांनीही आणला. मी काठोकाठ भरले आणि काय मिरवले म्हणता! चंद्रीनं कडब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चतुराबाई मनातून धास्तावल्या होत्या, पण सणाला दारी आलेल्या सवाष्णींना नको कसं म्हणायचं?

सकाळी चंद्री उठेना. पोट टम्म फुगलेलं, रवंथ बंद. त्यात गाभण हो बिचारी! मी दगडाची, तरी माझ्या काळजाचं पाणी झालं.

लक्ष्मणरावांनी गुरांच्या डॉक्टर पद्मावतींना बोलावून आणलं. "गेहूं में ताकत भोत है अम्मा, पर एकदम इत्ता नक्को!" त्या म्हणाल्या. औषध पाजता पाजता त्यांनी समजावलं, की गव्हात पिष्ट भरपूर, प्रथिनं तर मक्याहून जास्त. पण एकदम खाल्ला तर तो पोटात आंबतो. म्हणून भरडून, हळूहळू सवय लावत, कडब्याबरोबर थोडाच द्यायचा.

वैशालीला रडू आवरेना. "मावशी, माझ्यामुळे झालं हे."

"अगं, तू मायेनं दिलंस. माझंच तोंड उघडलं नाही बघ," चतुराबाई म्हणाल्या.

दोघी दिवसभर चंद्रीजवळ बसून राहिल्या. दिवेलागणीला ती उठली, रवंथ करू लागली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

यंदाही बायका गहू घेऊन आल्या. चतुराबाईंनी हसत तो डब्यात ओतून घेतला. आता त्याचा भरडा रोज ओंजळभर कडब्यात मिसळतात. चंद्रीचं दूधही छान दाट झालंय.

बाळांनो, मुक्या जिवाला घास जरूर द्या, पण आधी त्याच्या माणसांना विचारा. अति तेथे माती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

यंदाच्या वसुबारसेची पूजा झाल्यावर चंद्रीला नंतर झालेल्या कालवडीनं पहिल्यांदाच माझ्यात तोंड घातलं. भूक कसली, नुसती चाटत होती. मी मनात म्हटलं, ये गं बाई, हे तुझंच ताट.